पहिला फोन तुम्ही करायचा नाही

पत्र:

ताई, मी शाहूपुरीत राहतो, शिरोली एमआयडीसीत नोकरीला आहे. मुलगी मुंबईत असते. मीरा रोडला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतलीय, ऑफिस अंधेरीला, रोजचा लोकलचा प्रवास. कुठंही दहशतवादी हल्ला झाल्याची बातमी आली की आमच्या घशाखाली घास उतरत नाही. मागच्या वेळी दोन तास तिचा फोन लागला नाही, तिची आई देवापुढं बसून राहिली. नंतर कळलं, पोरगी मीटिंगमध्ये होती आणि हल्ला झालेलं गावच दुसरं. मग मी इंटरनेटवर बघून तिला एक बॅग भरून दिली. गॅस मास्क, दोरी, काच फोडायचा हातोडा, घडीचा चाकू, तीन दिवसांची बिस्किटं, ताडपत्री. तिनं ती माळ्यावर टाकली. म्हणते, "बाबा, लोकलमध्ये मलाच उभं राहायला जागा मिळंना, हिला कुठं ठेवू?" मी रागानं म्हणालो, मग परत ये, कोल्हापुरात नोकरी बघ. तेव्हापासून नीट बोलणं नाही. माझं काय चुकलं? आणि तयारी करायची तरी कशी?
– एक बाप, शाहूपुरी

उत्तर:

दादा, बॅग माळ्यावर टाकली ते तिनं बरोबर केलं. तुम्ही भरली यातही चूक काही नाही, फक्त ती यादी कुणीतरी जंगलात अडकणाऱ्या माणसासाठी केलेली होती. गॅस मास्कचा फिल्टर ठरावीक वायूंसाठीच असतो, त्याला मुदत असते, आणि तो चेहऱ्यावर घट्ट बसला नाही तर नुसतं सोंग. टोकियोच्या भुयारी रेल्वेत १९९५ साली विषारी वायू सोडला होता हे खरं, पण आपल्याकडच्या प्रवाशांवर आले ते बॉम्ब आणि गोळ्या. चाकू मेट्रोच्या तपासणीत पहिल्याच दिवशी काढून घेतील, वर चार प्रश्न विचारतील. हातोडा बंद काचांच्या एसी बसमध्ये कामाचा, साध्या लोकलचे दरवाजे तर उघडेच असतात. आणि तीन दिवसांची बिस्किटं कशाला? मुंबईत असा प्रसंग येतो तेव्हा रस्त्यावर लोक पाणी, बिस्किटं घेऊन स्वतःहून उभे राहतात.

रोज बरोबर नेता येईल तेवढीच तयारी खरी. घरी राहिलेली उत्तम बॅग त्या दिवशी नसल्यातच जमा.

पुढे जाण्याआधी एक कटू गोष्ट सांगते. मुंबईच्या लोकलमार्गांवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून आणि इतर कारणांनी साधारण वर्षात दोन हजारांहून जास्त माणसं जातात. त्यांच्यासाठी कुणी रात्रभर चॅनेल लावून बसत नाही. तुम्ही मुलीला हातोडा दिलात, पण "दारात लटकू नकोस, गाडी सुटली तर सुटू दे" असं कधी बजावून सांगितलंत का? माझा अंदाज आहे, नाही. हल्ल्याची भीती वाटणं साहजिक आहे. पण तयारी अशी हवी की ती हल्ल्यालाही उपयोगी पडावी, पावसालाही आणि बंद पडलेल्या गाडीलाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लाखो लोक रात्रभर पाण्यातून चालत घरी गेले किंवा ऑफिसात, बसमध्ये अडकून राहिले. बॉम्ब नव्हता. तरी त्यांना लागल्या त्या वस्तू त्याच: पाणी, बॅटरी, पायात नीट चप्पल, खिशात सुटे पैसे.

आता ११ जुलै २००६ बघा. मुलीचीच पश्चिम रेल्वे. संध्याकाळी ६.२४ पासून अकराएक मिनिटांत सात गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड. १८० हून जास्त माणसं गेली, जखमी ८०० च्या घरात. रुळालगतच्या वस्त्यांतले लोक चादरी घेऊन धावले, त्याच चादरींची स्ट्रेचर झाली. आणि फोन? लागत नव्हते. सगळं शहर एकाच वेळी एकमेकांना फोन करत होतं. मोबाइलच्या टॉवरची क्षमता ठरलेली असते, ती भरली की जखमी माणसाचा फोनही रांगेत आणि नालासोपाऱ्याच्या काकूंचाही रांगेत.

म्हणून तुमच्या घराचं पहिलं काम मी सांगते, आणि ते बॅग भरण्यापेक्षा अवघड आहे. त्या वेळी तुम्ही फोन करायचा नाही. तिनं एसएमएस पाठवायचा, तुम्ही वाट बघायची. आवाजाचा फोन लागत नाही तेव्हाही छोटा एसएमएस बऱ्याचदा सरकतो, कारण त्याला जागा फार कमी लागते. उशिरा पोचेल, पण पोचेल. व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका. जून २०२३ मध्ये आपल्या कोल्हापुरात स्टेटसवरून दंगा पेटला आणि इंटरनेट बंद केलं, ते दिवस आठवा. क्यूआर कोडवर चहा पिणाऱ्यांची जी पंचाईत झाली तीही आठवा.

शिवाय तुम्ही लांब असण्याचा इथं फायदाच आहे. मुंबईतून मुंबईत फोन लागत नाही, तेव्हा बाहेरगावचा कधीकधी लागतो. मुलीनं दहा ठिकाणी कळवत बसायचं नाही, एकच संदेश कोल्हापूरला. पुढे कळवायचं काम तुमचं: मावशीला, खोलीवरच्या मैत्रिणींना, तिच्या ऑफिसला. त्या दोघी मैत्रिणींनीही आपली खबर कोल्हापूरलाच दिली तर तिघींचा पत्ता एका वहीत राहतो. पुराच्या वेळी चिखली-आंबेवाडीची माणसं विखुरली जायची, तेव्हाही सगळी खबर पाहुण्यांच्या एखाद्या घरी गोळा व्हायची. तसं तुमचं घर ठरवून टाका. तुम्हाला हातपाय हलवायला काम मिळेल आणि वहिनींनाही. एक जण फोनजवळ, दुसरा वहीजवळ.

संदेशात चार गोष्टी पुरेत: ठीक आहे की नाही, कुठे आहे, आता काय करतेय, पुढचा संदेश कधी. "मी ठीक. गोरेगावला. मैत्रिणीकडे चाललेय. ९ ला कळवते." एवढाच. आणि नऊ वाजले, साडेनऊ वाजले तरी काही आलं नाही, तर मग काय करायचं तेही आज ठरवा. आधी ऑफिसचा नंबर, मग खोलीच्या मालकांचा, मग ठाण्या-डोंबिवलीत जे कुणी नातेवाईक असतील ते. टीव्हीवर हेल्पलाइन आणि रुग्णालयांची नावं येतात ती लिहून घ्या, आणि मग टीव्ही बंद करा. तीच दृश्यं पन्नास वेळा बघून मुलगी सापडत नाही. पोलिसांच्या हालचालींचे व्हिडिओ तर पुढे पाठवूच नका. २६/११ ला चॅनेलवरचं थेट चित्रण बघून पलीकडे बसलेले लोक हल्लेखोरांना सूचना देत होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्या चित्रणावर कडक ताशेरे ओढले.

दुसरं काम मुलीचं. अंधेरी ते मीरा रोड रुळानं साधारण १८ किलोमीटर. गाड्या बंद पडल्या तर हे अंतर चालत जायचा हट्ट धरायचा नाही. ऑफिसपासून तासाभराच्या चालीत कुणाचं घर आहे? एखादी सहकारी, आतेबहीण, कॉलेजची मैत्रीण. अशी दोन घरं, एक ऑफिसच्या जवळ आणि एक वाटेत, आणि त्या लोकांना आधी विचारून ठेवलेलं हवं. "कधी वेळ आली तर रात्री येईन हं" असं म्हटल्यावर नाही म्हणणारं माणूस मी तरी पाहिलं नाही. काही नसेल तर ऑफिसातच थांबावं. घरी पोचायची घाई हा अशा रात्रीचा सगळ्यात मोठा धोका असतो.

आता बॅग. पर्सच्या एका कप्प्यात मावेल एवढीच. छोटी पॉवर बँक आणि केबल. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. पन्नास-शंभरच्या नोटांत पाचशे-सातशे रुपये, जे एरवी मोडायचे नाहीत. तिला चालू असलेली औषधं दोन दिवसांची. सुती ओढणी किंवा मोठा रुमाल: धुरात नाकाला, जखमेवर दाबायला, उन्हात डोक्याला. धुळीसाठी एक एन-९५ मास्क. शिट्टी, कारण ढिगाऱ्यात किंवा अंधारात ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजवायला दम कमी लागतो. आणि एक कागद, प्लास्टिकच्या पाकिटात: नाव, रक्तगट, कसली अ‍ॅलर्जी असेल तर ती, तुमचे दोघांचे नंबर. आजच्या मुलांना आईचासुद्धा नंबर पाठ नसतो, फोन बंद पडला की संपलं. हीच माहिती मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरही टाकता येते. सेटिंगमध्ये 'इमर्जन्सी' म्हणून शोधलं की सापडतं, पासवर्ड नसला तरी डॉक्टरला दिसतं. ऑफिसला हिलची चप्पल लागत असेल तर ती ऑफिसात ठेवावी, प्रवास सपाट चपलेत किंवा बुटात.

एवढंच. हातोडा-दोरी तुम्हाला पुरात कामाला येईल, घरीच असू दे.

प्रत्यक्ष काही घडलं तर काय, हे मुलीला तुम्ही सांगण्यापेक्षा हे पान वाचायला द्या. बापानं सांगितलं की भाषण होतं.

बेवारस पिशवी दिसली तर आधी मोठ्यानं विचारायचं, "ही बॅग कुणाची?" लाजायचं नाही. दहातल्या नऊ वेळा कुणीतरी झोपेतून उठून "माझी, माझी" म्हणतं. कुणीच बोललं नाही तर हात लावायचा नाही, उघडायची नाही, खिडकीतून फेकायची तर मुळीच नाही. पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० ला जर्मन बेकरीत अशाच ठेवून दिलेल्या बॅगेचा स्फोट झाला आणि १७ जण गेले. लांब व्हायचं, बाकीच्यांना लांब करायचं, पुढच्या स्टेशनला उतरायचं, आणि लांब गेल्यावर मग फोन: रेल्वेसाठी १३९, इतर कुठंही ११२. तिथं पोलीस दिसले तर आधी त्यांना. नजर वस्तूंवर आणि वागण्यावर ठेवायची, दाढी-बुरख्यावर नाही. शाहू महाराजांच्या गावात हे सांगावं लागू नये, पण सांगते. कपड्यांवर नजर खिळली की बाकाखालची पिशवी नजरेतून सुटते.

स्फोट झालाच तर पहिली काही मिनिटं कान सुन्न असतात, काही ऐकू येत नाही. घाबरायचं नाही, आपण बहिरे झालो असं लगेच समजायचं नाही. आगीचा धूर असेल तर खाली वाकून, कापड नाकाला लावून बाहेर. गाडीतून रुळावर उडी मारायची वेळ आली तर आधी शेजारचा रूळ बघायचा. दुसऱ्या बाजूनं गाडी येत असू शकते, आणि स्फोटातून वाचलेला माणूस त्या गाडीखाली जाऊ शकतो. वरच्या तारांत २५ हजार व्होल्ट असतात, तुटून लोंबणाऱ्या तारेच्या आसपास फिरकायचं नाही. आणि बघे जमतात तिथं थांबायचं नाही, कारण दुसरा स्फोट त्याच गर्दीत होऊ शकतो.

गोळीबार वेगळा. ब्रिटनच्या पोलिसांनी त्यासाठी तीन शब्दांचा क्रम दिलाय: पळा, लपा, कळवा. आधी निघून जाता येतं का बघायचं, सामान सोडून. नसेल जमत तर जाड भिंतीच्या किंवा खांबाच्या आड, दार लावून, दिवे बंद, फोन सायलेंट, व्हायब्रेशनसुद्धा बंद. २६/११ च्या रात्री सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे केबिनमधून प्रवाशांना मागच्या बाजूनं बाहेर पडायला सांगत राहिले आणि कितीतरी जण त्या आवाजामुळे वाचले. कामा रुग्णालयात एका परिचारिकेनं बाळंतपणाच्या बायकांना टोकाच्या छोट्या खोलीत हलवलं, दारं लावली, दिवे मालवले. म्हणून मुलीला एवढंच सांगते की लाउडस्पीकर काय म्हणतोय ते कानातले इअरफोन काढून ऐकावं. नंतर पोलीस आत आले की हात रिकामे आणि दिसतील असे ठेवायचे. मदतीसाठी त्यांच्याकडे धावत सुटायचं नाही, त्या क्षणी त्यांनाही कोण कोण आहे ते ठाऊक नसतं.

आणि रक्त. यावर मी थोडी जास्त बोलणार, कारण प्राण वाचवायचं खरं काम इथं आहे. मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत थांबत नाही. जखमेवर कापड ठेवायचं आणि दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन दाबायचं. थांबलं का बघायला दर मिनिटाला कापड उचलायचं नाही. भिजलं तर त्यावर दुसरं. हाता-पायाची जखम असेल आणि दाबूनही रक्त उसळत असेल, तर जखमेच्या वर चार बोटं, सांध्यावर नाही, ओढणीची रुंद पट्टी बांधायची, गाठीत पेन किंवा काठी घालून पिळायची, रक्त थांबेपर्यंत. दुखेल, ओरडतील, तरी. बांधल्याची वेळ लिहून ठेवायची आणि डॉक्टरशिवाय सोडायची नाही. घुसलेली काच किंवा लोखंड ओढून काढायचं नाही. आणि हळद, कॉफी पावडर, टूथपेस्ट जखमेवर भरायची नाही, हे वहिनींनाही सांगा. वाचून हे येत नाही, हातानं करून येतं. रेड क्रॉस आणि सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सचे प्रथमोपचाराचे वर्ग असतात, मुलीला वाढदिवसाला त्याची फी द्या. तुम्हीही करा. शिरोलीच्या कारखान्यात मशिनवर हात सापडतो तेव्हा हीच विद्या लागते.

तुमचा तो "परत ये" मात्र मला पटला नाही. कोल्हापूर म्हणजे बिनघोर असं कुठंय? नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आपण ज्या दारातून शिरतो, काही गडबड झाली तर सगळे तिकडेच पळणार. दुसरा दरवाजा जवळच असला तरी आठवत नाही. मांढरदेवीला जानेवारी २००५ मध्ये तीनशेच्या आसपास माणसं चेंगराचेंगरीत आणि आगीत गेली, तिथं अतिरेकी कुणी नव्हता. मध्यवर्ती बसस्थानकावर शनिवारी संध्याकाळी उभे असाल तेव्हा एकदा मागं वळून बघा, बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठला? मी हे प्रत्येक गर्दीच्या जागी बघते. लोक मला हसतात, हसू देत. गर्दीचा लोंढा आलाच तर त्याच्या विरुद्ध जायचं नाही, हात छातीसमोर धरून तिरकं तिरकं कडेला सरकायचं, पडलेली वस्तू उचलायला वाकायचं नाही.

मुलीनं मुंबईत राहायचं की नाही, हे तिच्या नोकरीवरून ठरू दे, तुमच्या टीव्हीवरून नको. तिला "सॉरी" म्हणायला जड जात असेल तर म्हणू नका. फोन करून एवढंच म्हणा, "तुझ्या ऑफिसजवळची दोन घरं सांग, मला वहीत लिहायची आहेत." तिला कळेल.

येत्या रविवारी रंगीत तालीम करा. तिनं मोबाइल डेटा बंद करून एसएमएस करायचा, तुम्ही दोघांनी तो उघडायचा, वहीत वेळ लिहायची, मावशीला कळवायचं. तालमीत बहुतेक असं निघेल की वहिनींच्या फोनवर एसएमएस कुठं असतात तेच त्यांना माहीत नाही. बँक आणि कर्जवाल्यांच्या ढिगात पोरीचा संदेश दिसणार नाही. तिचा नंबर सगळ्यात वर पिन करून द्या, त्याला वेगळी रिंगटोन लावा, आणि इनबॉक्स भरला असेल तर रिकामा करा.